काळा कलप आधी निळसर, मग लालसर : दरवेळी असं का होतं आणि काय करायचं

केसांना काळा कलप लावला की पहिले चार दिवस ते इतके काळे दिसतात की उन्हात निळी झाक मारते आणि चेहरा उगाच थकलेला वाटतो. पंधरा दिवसांत तेच केस तपकिरी होतात, महिन्याभरात तांबूस. मग पुन्हा कलप, या वेळी थोडा जास्त वेळ ठेवून. पुन्हा निळसर, पुन्हा तांबूस. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरला माझं पार्लर आहे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून ज्या काकू, मावश्या, वहिनी येतात, त्यांच्यापैकी बहुतेकींची तक्रार हीच असते. "मी त काळाच आनला होता, मंग लाल काऊन होऊन राह्यला वं बाई?"

यावर घरोघरी जे उपाय चालतात, त्यांनी त्रास वाढतो. कंपनी बदलतात. आणखी गडद शेड आणतात. अर्ध्या तासाऐवजी दीड तास ठेवतात. महिन्याला लावायचा तो पंधरा दिवसांनी लावतात, आणि दरवेळी मुळापासून टोकापर्यंत. कंपनीचा यात फारसा दोष नसतो. आपल्या केसांचा खरा रंग न पाहता त्याहून गडद शेड उचलली जाते, ती रंगवलेल्याच केसांवर थरावर थर चढते, आणि केस धुवायला असतं ते बोअरचं खारं पाणी. यातलं तुमच्याकडे नेमकं काय घडतंय, ते आधी शोधायला हवं. ते केसांवरच दिसतं.

लाल कुठे झालं, ते आधी पाहा

सकाळी नऊ-दहाच्या उजेडात दारात उभ्या राहा, ट्यूबलाइटखाली नको. आरसा हातात घ्या आणि एक बट मुळापासून टोकापर्यंत नीट न्याहाळा. कुणाला जवळ बोलावलं तर आणखी बरं.

पांढरा केसच भगवा किंवा नारिंगी दिसत असेल, तर खाली मेहंदी आहे. आपल्याकडे हे सगळ्यात जास्त सापडतं. आधी कित्येक वर्षं साधी मेहंदी लावलेली असते, पुढे काळी मेहंदी किंवा पुडीतला कलप सुरू होतो. मेहंदीतलं लॉसोन नावाचं द्रव्य केसातल्या केराटिनला, म्हणजे केस ज्याचा बनतो त्या प्रथिनाला, घट्ट धरून बसतं. ते धुऊन जात नाही, केस कापला तरच जातं. वरचा काळा रंग मात्र हळूहळू उतरतो आणि खालचा भगवा उघडा पडतो. याचा दोष काळ्या कलपाला देऊन उपयोग नाही. अशा बाईने एकतर मेहंदी पूर्ण थांबवावी आणि नवीन वाढलेल्या केसांवरच कलप लावावा, किंवा मेहंदीवरच राहून तिच्यावर नीळ, म्हणजे निळीच्या पानांची पावडर, लावावी. त्याबद्दल पुढे लिहिते.

काळा केस तपकिरी-तांबूस झाला असेल आणि तो रंग मुळाजवळ किंवा मधल्या भागात असेल, तर कारण डेव्हलपर. क्रीमच्या कलपात दोन वस्तू येतात, रंगाची ट्यूब आणि डेव्हलपरची बाटली. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. ट्यूबमधल्या अमोनियाने केसावरची खवली उघडतात, रंगाचे अगदी बारीक कण आत शिरतात, पेरॉक्साइडमुळे ते आतल्या आत एकमेकांना जुळून मोठे होतात आणि मग सहज बाहेर येऊ शकत नाहीत. पण पेरॉक्साइड तेवढ्यावर थांबत नाही. केसात आपलं स्वतःचं जे मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं, तेही ते थोडं फिकं करतं. काळा केस फिका झाला की त्यातून तांबूस रंगच निघतो. जोवर वर कलपाचा थर आहे तोवर ते झाकलेलं असतं. थर धुतला गेला की दिसतं. म्हणून जास्त वेळ ठेवून आणि जास्त वेळा लावून लाली कमी होत नाही, उलट पुढच्या लालीची तयारी होते.

फक्त टोकं लाल आणि कोरडी असतील, तर ती उन्हाची आणि जुनेपणाची. कमरेपर्यंत केस असलेल्या बाईच्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, थोडा जास्तच, वाढतो. इतके उन्हाळे त्या टोकाने पाहिलेले असतात. तिथली खवली झिजलेली असतात, म्हणून कलप लवकर शोषला जातो, गच्च काळा होतो आणि तितक्याच लवकर निघून जातो. टोकांना पुन्हा रंग लावण्यापेक्षा दोन बोटं कापून टाकणं केव्हाही चांगलं. आपल्या बायकांना केस कापायचं म्हटलं की जिवावर येतं, ते मला माहीत आहे. तरीही मी हेच सांगते.

आणि लाल कुठेच नाही, फक्त भांगात पांढरी रेघ दिसतेय, तर तो बिघाड नाही. तो नवीन वाढलेला केस आहे. त्यासाठी अख्खं डोकं रंगवायची गरज नाही.

पाकिटावरचं नाव सोडा, आकडा पाहा

दुकानात आपण "काळा द्या" म्हणतो आणि दुकानदार देतो. पण पाकिटांवर 'ब्लॅक', 'नॅचरल ब्लॅक', 'सॉफ्ट ब्लॅक', 'ब्लॅक ब्राऊन', 'डार्क ब्राऊन', 'नॅचरल ब्राऊन' अशी नावं असतात आणि ती कंपनीगणिक बदलतात. एकीचा नॅचरल ब्लॅक दुसरीच्या ब्लॅकइतका गडद निघतो. क्रीमच्या डब्यावर मात्र आकडा छापलेला असतो आणि तो जास्त भरवशाचा.

केसांची गडदता १ ते १० अशी मोजतात. १ म्हणजे पूर्ण काळा, २ म्हणजे जवळपास काळा पण उन्हात किंचित तपकिरी, ३ गडद तपकिरी, ४ मध्यम तपकिरी, आणि पुढे फिकं होत होत १० वर अगदी फिका सोनेरी. पॉइंटनंतरचा आकडा झाक सांगतो. '.०' असेल किंवा पॉइंटनंतर काहीच नसेल तर झाक नाही, साधा नैसर्गिक रंग. पुष्कळ कंपन्यांत .१ म्हणजे राखेरी-निळसर, .३ सोनेरी, .४ तांब्याचा, .५ महोगनी, .६ लाल. पांढरे केस झाकायचे असतील तर झाक नसलेली शेडच घ्यावी. नुसत्या झाकेच्या शेडने पांढरा केस नीट झाकला जात नाही आणि वेगळाच चमकतो. बरगंडी लावलेल्या डोक्यात पांढऱ्या बटा जांभळट-गुलाबी दिसतात, त्याचं कारण हेच.

आता मुद्द्याचं. आपल्या केसांना आपण काळे म्हणतो, पण ते बहुतेक २ किंवा ३ असतात. विश्वास बसत नसेल तर शाळेतून घरी येणाऱ्या पोरींच्या वेण्या दुपारच्या उन्हात पाहा. रिबिनीजवळ काळ्या, आणि सुटलेल्या बटा सरळ तपकिरी. डोक्यावरचा एकेक केस थोडा वेगळ्या रंगाचा असतो आणि त्या सगळ्यांचा मिळून जो काळा दिसतो, तो डोळ्याला खरा वाटतो. पाकिटातला १ नंबर सगळे केस एकाच रंगाचे करून टाकतो. त्यात काळी शेड बनवायला निळ्या छटेचे रंगकण घालावे लागतात, म्हणून उन्हात निळं मारतं. त्यातच वर पांढरी एलईडी असली की निळसरपणा आणखी वाढतो. मंगल कार्यालयात काढलेल्या फोटोत आत्याबाईंचे केस टोप घातल्यासारखे दिसतात, ते यामुळेच.

पुडीतल्या पावडर कलपावर बऱ्याचदा आकडा नसतो. तो पाण्यात कालवायचा असतो, कारण पेरॉक्साइडचं काम करणारा घटक पावडरीतच असतो. त्यात शेडची निवड थोडी असते आणि काळा म्हणजे बहुधा १ च. स्वस्त पडतो, दुकानात टांगलेला मिळतो, म्हणून गावात तोच चालतो. त्याला माझी हरकत नाही. पण निळसरपणाची तक्रार असेल तर पुडीतही 'ब्राऊन' किंवा 'डार्क ब्राऊन' मिळतो का, ते विचारा. नाव ऐकून घाबरू नका. गडद तपकिरी पुडीने केस लाल होत नाहीत, काळ्यासारखेच दिसतात, फक्त मऊ.

तुमचा खरा आकडा

मानेवरचे, अंबाड्याच्या अगदी खालचे केस उचला. तिथे ऊन पोचत नाही आणि बहुतेकींना तिथे पांढरं सगळ्यात उशिरा येतं. त्या केसांमागे पांढरा कागद धरून उजेडात पाहा. कागदावर ते नुसते काळे दिसले तर तुम्ही १ किंवा २. कडेने तपकिरी दिसले तर ३. तीच तुमची शेड. तिच्याहून गडद शेड कधीच घेऊ नका.

मग पांढरं किती आहे ते पाहा. चार केसांमागे एखादा पांढरा असेल तर मानेच्या रंगाइतकीच शेड. निम्मे पांढरे असतील तर तीच किंवा एक आकडा फिकी. जवळजवळ सगळंच पांढरं असेल तर ३ किंवा ४. साठीतल्या बाईला ४ नंबर सुचवला की ती दचकते. पण पूर्ण पांढऱ्या केसावर रंग त्याच्या डब्यावरच्या नमुन्याहून सहसा एकसारखा आणि सपाट बसतो, खालून काळ्या केसांची साथ नसते. त्यामुळे थोडा फिका रंग चेहऱ्याला खूप मऊ करतो. गच्च काळ्याने काय होतं, तर डोळ्यांखालचं काळं आणि कपाळावरच्या आठ्या उठून दिसतात. भुवया पांढरट आणि वर केस कोळशासारखे, हा फरक लांबून कळतो.

केस विरळ असतील तर ही गोष्ट दुप्पट महत्त्वाची. विरळ केसांतून टाळू दिसतो. टाळू उजळ आणि केस एकदम काळे असले की भांग आहे त्याहून रुंद दिसतो. ३ नंबरवर तोच भांग बुजल्यासारखा वाटतो. "केस गळून राह्यले, डोक्शं दिसून राह्यलं" म्हणून आलेल्या किती तरी बायकांना फक्त शेड उतरवल्यावर निम्मं समाधान मिळालेलं मी पाहिलं आहे.

चेहऱ्याच्या वर्णाबद्दल खूप काही सांगितलं जातं, शिरा निळ्या की हिरव्या वगैरे. वावरात राबलेल्या हातावर ते ओळखता येत नाही, आणि माझ्या मते काळ्या-तपकिरीच्या या पट्ट्यात त्याने फार फरकही पडत नाही. गडदता चुकली तर सगळं चुकतं, झाक थोडी इकडेतिकडे झाली तर चालून जातं. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पिवळसर गव्हाळ चेहऱ्याला निळसर काळा फिकट आणि आजारी करतो, तिथे साधा २ किंवा ३ चांगला. गडद सावळ्या चेहऱ्याला २ नंबर फार सुंदर दिसतो, आणि तरुण वयात १ सुद्धा शोभतो. पण राखेरी झाक असलेली शेड त्या वर्णावर मातकट वाटते. सावळ्या बाईने उजळ दिसण्यासाठी सोनेरी-तांबूस काही लावावं, हा सल्ला मला अजिबात पटत नाही. तिच्या वर्णाला खोल रंगच खुलवतो.

१ गडद वाटतो आणि दुकानात २ मिळत नाही, असं तालुक्याच्या गावीही होतं. एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या क्रीममधला १ आणि ३ सारख्या मापाने मिसळले की साधारण २ मिळतो. दोन कंपन्यांचं एकत्र करू नका, आणि पावडरीत क्रीम तर मुळीच नाही.

भाऊ आणि काकाजी लोकांसाठी: मिशीचे आणि दाढीचे केस बहुतेकांचे डोक्यापेक्षा किंचित फिके असतात. डोक्याला जो आकडा, त्याहून एक फिका मिशीला. डोकं आणि मिशी दोन्ही १ नंबरने रंगवली की माणूस ओळखू येत नाही. मिशीला वेळही कमी द्या आणि ओठांची कड व्हॅसलिनने झाका.

लावताना कुठे चुकतं

कलप फक्त नवीन वाढलेल्या मुळांवर लावायचा, हे एवढं पाळलं तरी निम्मा त्रास संपतो. डोक्याचे चार भाग करा. सुरुवात कानशिलांपासून आणि कपाळाच्या कडेपासून, कारण तिथले पांढरे केस जाड आणि हट्टी असतात, त्यांना वेळ जास्त लागतो. मग भांग, आणि शेवटी मागचा भाग. आधीपासून रंगलेल्या लांबीला हात लावायचा नाही. लांबी अगदीच फिकी पडली असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत डोक्यावर थोडं पाणी मारून मुळांवरचा रंग बोटांनी सैल करा आणि खाली ओढून घ्या. तेवढा पुरतो.

डेव्हलपरवर १० व्हॉल्यूम लिहिलं असेल तर त्यात ३ टक्के पेरॉक्साइड असतं, २० व्हॉल्यूममध्ये ६ टक्के. हट्टी पांढऱ्यासाठी ६ टक्के लागतं, ते मुळांपुरतं ठीक. त्याच्या वरचं, म्हणजे ३० आणि ४०, काळ्या-तपकिरी शेडसाठी कधीच लागत नाही. कुणी "जास्त पकडते" म्हणून देत असेल तर घेऊ नका.

आपल्या हवेचाही यात हात असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना कूलरसमोर बसून कलप लावला की लेप दहा मिनिटांत वाळतो. वाळलेला लेप काम करत नाही. केस मात्र कडक होतात आणि आपण समजतो रंग चढला. प्लास्टिकची टोपी किंवा साधी पन्नी बांधून लेप ओलसर ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उलट होतं, प्रक्रिया मंदावते. मागच्या अंगणात गारठ्यात बसून अर्ध्या तासात धुतलं तर पांढरं अर्धवट राहतं. त्या दिवसांत घरात, ऊबेत बसा, आणि डब्यावर जी जास्तीत जास्त वेळ दिली असेल ती पूर्ण द्या. त्याच्या पुढे नको.

तेलकट डोक्यावर कलप बसत नाही. आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. वाटी प्लास्टिकची, काचेची किंवा चिनी मातीची घ्या, धातूची नको. आणि कालवलेला कलप उरला म्हणून झाकून ठेवू नका. हवा लागली की तो वाटीतच पिकून जातो, दुसऱ्या दिवशी केसात शिरण्याजोगा राहत नाही. बाटलीत बंद करून ठेवला तर आत वायू साचून बाटली फुटू शकते. अर्धी पुडी ठेवायचीच असेल तर कोरडी असतानाच वेगळी काढा, हवाबंद डबीत, आणि पावसाळ्यात तेही टाळा. कलपाची पुडी, बाटली पोरांच्या हाती लागणार नाही अशी उंचावर ठेवा. पोटात गेला तर तो विष आहे.

काळी मेहंदी आणि नीळ

मेहंदीचं पान स्वतः कधीच काळा रंग देत नाही. अर्ध्या तासात केस काळे करणारी 'काळी मेहंदी' ही मेहंदी मिसळलेला रासायनिक कलप असतो, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात पीपीडी किंवा पॅरा-फिनिलीनडायअमाइन हे काळा रंग देणारं रसायन लिहिलेलं सापडेल. "मेहंदीच आहे, काही होत नाही" म्हणून ती दर पंधरा दिवसांनी लावू नका. तिला कलपाचेच सगळे नियम लागू.

वनस्पतीने काळं करायचं असेल तर दोन टप्पे. आधी शुद्ध मेहंदी दोन-तीन तास. ती धुतल्यावर निळीच्या पानांची पावडर साध्या कोमट पाण्यात कालवून लगेच लावायची, कारण ती भिजवून ठेवली तर तिची ताकद जाते. तास-दीड तास ठेवून नुसत्या पाण्याने धुवा. त्या दिवशी रंग हिरवट दिसेल, घाबरू नका. हवेत एक-दोन दिवसांत तो गडद होतो. हे करायला अर्धा दिवस जातो आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कुणाकडे तेवढा वेळ नसतो, हेही खरं. पण ज्यांना कलपाची खाज आहे त्यांच्यासाठी हाच मार्ग उरतो. फक्त पावडर खरोखर शुद्ध आहे का, ते पाकिटावरचे घटक वाचून तपासा.

खारं पाणी, वडीचा साबण, ऊन

अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णेचा खारपाणपट्टा म्हणजे आपला भाग. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं. त्यात शाम्पूला फेस येत नाही, मग कपड्याच्या साबणाची वडी डोक्याला घासली जाते. असा साबण क्षारधर्मी असतो. त्याने केसाची खवली उघडी पडतात आणि कलप पाण्याबरोबर वाहून जातो. वर पाण्यातले क्षार केसावर बसून केस राठ आणि निस्तेज दिसतात. एकाच शेडचा कलप लावलेल्या दोन बहिणींपैकी नळाचं पाणी मिळणाऱ्या गावी दिलेली दीड महिना टिकवते आणि बोअरवाली तीन आठवड्यांत तक्रार घेऊन येते, याचं कारण तिच्या नशिबात किंवा रक्तात शोधू नका.

पाणी बदलता येत नसेल तरी शेवटचे दोन मग बदलता येतात. न्हाणं बोअरच्या पाण्याने झालं तरी शेवटचं खळबळणं नळाच्या, कॅनच्या किंवा धरून ठेवलेल्या पावसाच्या पाण्याने करा. डोक्याला वडी बंद, सौम्य शाम्पूची एक रुपयाची पुडी चालेल. कलप लावल्यावर दोन दिवस डोकं धुऊ नका. कडक गरम पाणी डोक्यावर कधीच नको.

कोंड्यासाठी लिंबू चोळून तसंच वावरात जाणाऱ्या बायका आहेत. लिंबाचा रस आणि ऊन मिळून केस फिके करतात. लावायचंच असेल तर धुऊन मग बाहेर पडा. उन्हात डोक्यावर पदर, दुपट्टा, स्कार्फ काहीही असू द्या, पण कानशिलं आणि वेणी त्यात झाकली जाईल असं बांधा. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वावरात, दिवसभर वाकून काम करताना ऊन पाठीवर आणि वेणीवरच पडतं, म्हणून वेणी मोकळी सोडण्यापेक्षा गुंडाळून आत घ्या.

खाज सुटली तर पुढचं सगळं थांबवा

शेड, लाली, टिकणं हे सगळं नंतर. टाळू खाजला, कानामागे पुरळ आलं, दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या तर तो उन्हाचा किंवा किड्याचा त्रास समजू नका. बहुतेक वेळा ती पीपीडीची ॲलर्जी असते, आणि ती दर वेळी वाढत जाते. आधी नुसती खाज, पुढच्या वेळी चेहरा सुजलेला. "मी त धा वर्सांपासून लावून राह्यली, मले काई होत नाई" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. वर्षानुवर्षं लावल्यावर अचानक सुरू होणं हे या ॲलर्जीत नेहमीचं आहे.

कंपनी बदलून ती जात नाही, कारण बहुतेक काळ्या कलपांत तेच द्रव्य किंवा त्याचा जवळचा भाऊबंद असतो. 'अमोनिया फ्री' लिहिलं म्हणजे पीपीडी नाही असंही नाही. अमोनिया नसला तर त्याजागी दुसरं क्षारधर्मी द्रव्य असतं, रंग तोच असतो. आणि जत्रेत, लग्नात हातावर काढतात ते अर्ध्या तासात काळे होणारे कोन मुलींना काढू देऊ नका. त्यांतही पीपीडी असू शकतं, तेही जास्त प्रमाणात. तिथून लागलेली ॲलर्जी आयुष्यभर राहते आणि पुढे कलपाला उसळते.

प्रत्येक डब्यावर आधी चाचणी करायला सांगितलेलं असतं आणि कुणीच करत नाही. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावा आणि ४८ तास पाहा. लाल झालं, खाजलं तर तो कलप तुमच्यासाठी नाही. भुवयांना आणि पापण्यांना कलप कधीच लावू नका. त्याने डोळा जाऊ शकतो, हेही डब्यावर छापलेलं असतं. चेहरा सुजला तर डॉक्टर, आणि श्वास लागला, ओठ-जीभ सुजली तर एक मिनिटही न थांबता दवाखाना.

विशी-पंचविशीतच डोकं भराभर पांढरं होत असेल तर पार्लरच्या आधी रक्त तपासून घ्या. बी-१२ ची कमतरता आणि थायरॉइडचा बिघाड या दोन्हींशी अकाली पांढऱ्या केसांचा संबंध असतो. माका आणि आवळ्याच्या तेलाने टाळूला बरं वाटतं, पण पांढरा झालेला केस त्याने काळा होत नाही. तसं सांगून महागडी बाटली विकणाऱ्यावर पैसे घालवू नका.

आधीच फार काळं होऊन बसलं असेल तर

वरून फिका रंग लावून काळा रंग उतरत नाही. ४ नंबर आणून १ नंबरच्या केसांवर लावला तर फक्त मुळं फिकी होतील, लांबी तशीच राहील. घरी ब्लीच करायचा विचारही नको. काळ्यावरून ब्लीच नारिंगी आणि ठिपक्याठिपक्यांचं निघतं, आणि खाली जुनी मेहंदी असेल तर केस तुटू शकतात. कलप ताजा असेल तर पहिल्या आठवड्यात कोंड्याच्या शाम्पूने चार-पाच वेळा धुवा, मधल्या दिवशी खोबरेल लावून ठेवा. निळसरपणा बराच उतरतो. मग पुढच्या वेळी मुळांना ३ लावा आणि लांबीला काहीच नाही. मुळं आणि लांबी यांत थोडा फरक राहील. अंबाडा किंवा वेणी घालणाऱ्या बाईच्या डोक्यावर तो कुणाच्या लक्षात येत नाही, आणि महिन्याला एक-एक सेंटिमीटर करत चांगला रंग खाली सरकतो.

घरात लग्न असेल तर कलप हळदीच्या आदल्या रात्री लावू नका. चार-पाच दिवस आधी लावा. तोवर एक-दोन धुण्यांत निळं मारणं कमी होतं, कपाळावरचे डाग जातात, आणि काही त्रास झालाच तर डॉक्टरला दाखवायला दिवस हाताशी राहतात. नवीन शेड मात्र लग्नाच्या वेळी पहिल्यांदा लावून पाहू नका. ती एक महिना आधी लावून उन्हात, घरात आणि फोटोत पाहून घ्या, आणि रिकाम्या पाकिटावरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे दुकानदाराला नुसतं "काळा द्या" म्हणावं लागणार नाही.